बायको देवळात देते, मी कुठेच देत नाही

पत्र असं आहे (थोडं कापलंय, अर्थ तोच ठेवलाय):

"ताई, नमस्कार. हे सदर खरं तर बायको वाचते आणि मोठ्याने वाचून दाखवते, म्हणून मला माहीत. मी नेरुळला राहतो, वय ६३, बँकेतून रिटायर. कॉलेजपासून नास्तिक आहे, घरात सत्यनारायण असला की मी खाली फिरायला जातो. बायको महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, तिची पेन्शन वेगळी, ती सगळं करते, चतुर्थी, एकादशी, शनिवारी बालाजीच्या टेकडीवर जाणं. तिला मी आयुष्यभर ऐकवत आलोय की देवळात पैसे टाकण्यापेक्षा गरजूला दे.

जुलैमध्ये रिटर्न भरायला दोघांचे कागद काढले. ती खर्च कालनिर्णयच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने लिहिते, दूध, इस्त्री, गॅस, आणि त्यातच मधेमधे दान. सहज बेरीज केली. देऊळ, अभिषेक, पेटी वगैरे १६,५००. आमच्याकडे काम करणाऱ्या बाईंच्या मुलीची अकरावीची फी १२,०००. वारीतल्या दिंडीला एका वेळचं जेवण ५,००१. कॅन्सर पेशंटसाठीच्या धर्मशाळेला ५,०००. गुरुद्वाऱ्यात लंगरसाठी तांदूळ २,४००. एकूण ४०,९०१, स्टेशनवरची चिल्लर वेगळी. माझं? पूरग्रस्तांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर ५०० जीपे, आणि गणपतीची वर्गणी १,००१, ती पण तिनेच माझ्या नावाने पावती फाडलेली.

मुलगा पुण्याला असतो, त्याला सांगितलं तर हसला आणि एक बातमी फॉरवर्ड केली की धार्मिक घरातली मुलं उलट कमी उदार असतात असा रिसर्च आहे, टेन्शन घेऊ नका. पण मला ते टोचलंय. धार्मिक लोक खरंच जास्त देतात का? बायकोला देवळातले १६,५०० थांबव असं सांगायचा मला हक्क आहे का? आणि माझ्यासारख्याने द्यायचं तर किती, कुठे, कसं? देव नाही, पुण्य नाही, मग सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही.
— एक नास्तिक, नेरुळ"

काका (६३ म्हणजे काका चालेल ना), आधी मुलाच्या त्या बातमीचा निकाल लावू कारण ती तुम्ही बायकोला दाखवली नसेल तर कृपा करून दाखवू नका. ती बातमी २०१५ ची आहे. सहा देशांतल्या ५ ते १२ वयाच्या जवळपास १,१७० मुलांना स्टिकर दिले, दुसऱ्या मुलांना त्यातले किती देतोस ते बघितलं, आणि निष्कर्ष आला की धार्मिक घरातली मुलं कमी देतात. जगभर हेडलाइन झाल्या, नास्तिक मंडळींनी तर अगदी आरती ओवाळल्यासारखी ती बातमी फिरवली. नंतर दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा तपासला तर काय, देशांना ओळखीसाठी १, २, ३ असे नंबर दिले होते आणि गणित करताना ते नंबर देशाची नावं म्हणून न धरता खरेखुरे आकडे म्हणून धरले गेले होते, म्हणजे जणू एक देश दुसऱ्यापेक्षा तिप्पट. ते दुरुस्त केल्यावर निष्कर्ष उभाच राहिला नाही, मुलांमधला फरक बराचसा धर्माचा नव्हता, देशादेशांतला होता. २०१९ मध्ये तो पेपर अधिकृतपणे मागे घेतला गेला. पण मागे घेतल्याची बातमी कोण फॉरवर्ड करतं? त्यामुळे मूळ हेडलाइन अजून फिरतेय, आणि पुरावा मागणारी माणसंच ती न तपासता पुढे ढकलतायत, हे तुमच्या मुलाला माझ्यातर्फे सांगा.

आता तुमचा पहिला प्रश्न. सर्व्हे बघितले तर हो, नियमित प्रार्थनेला जाणारे लोक जास्त देतात असं दिसतं. अमेरिकेत हे वारंवार मोजलं गेलंय. पण तिथे त्यांच्या दानातला मोठा वाटा त्यांच्याच चर्चला जातो, तो बाजूला काढला की अंतर कमी होतं. आपल्याकडे अशोका युनिव्हर्सिटीने भारतीय घरं किती आणि कुठे देतात याचे सर्व्हे केले, त्यातही सगळ्यात मोठा वाटा धार्मिक संस्थांचा निघाला आणि मग भिकाऱ्यांना दिलेलं येतं. आता देवळाला दिलेलं दान धरायचं की नाही यावर तुमचं आणि तुमच्या बायकोचं भांडण होणार, ते मला इथूनच ऐकू येतंय, म्हणून ते थोडं नंतर घेऊ.

मला जास्त रस आहे तो दुसऱ्या गोष्टीत. रॉबर्ट पटनम आणि डेव्हिड कॅम्पबेल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी २०१० मध्ये मांडलं की धार्मिक माणूस जास्त देतो हे खरं, पण ते तो देवावर किती विश्वास ठेवतो यावर ठरत नाही, त्याचे प्रार्थनेच्या ठिकाणी मित्र किती यावर ठरतं. म्हणजे कट्टर श्रद्धाळू पण एकटाच घरी बसून प्रार्थना करणारा माणूस फार देत नाही, आणि श्रद्धा जेमतेम पण दर रविवारी जाऊन चार लोकांत मिसळणारा देतो. कारण साधं आहे हो, त्याला कोणीतरी विचारतं.

आणि मोरोक्कोमधला एक प्रयोग मला फार आवडतो. माराकेशच्या जुन्या बाजारातल्या दुकानदारांना विचारलं की हे पैसे तुम्ही ठेवा किंवा थोडे किंवा सगळे दानाला द्या. अजान ऐकू येत असताना ज्यांना विचारलं त्यांनी सगळेच्या सगळे दानाला दिले, अजान नसताना ज्यांना विचारलं त्यांच्यात तसं करणारे बरेच कमी निघाले. दुकानदार त्याच बाजारातले, धर्म तोच, कोणी मधल्या तासाभरात नास्तिक झालं नव्हतं. तेवढ्या वेळात फक्त हाक ऐकू आली होती.

याच्या बरोबर उलट बाजू १९७३ च्या प्रिन्स्टनच्या प्रयोगात दिसते. पाद्री व्हायचं शिक्षण घेणारे ४० विद्यार्थी, त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला सांगितलं, काहींना तर विषयच दिला होता येशूने सांगितलेली ती गोष्ट, ज्यात रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला धर्माचे अधिकारी टाळून जातात आणि एक परका थांबतो. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला, अर्थात नाटक. ज्यांना सांगितलं होतं की उशीर झालाय लवकर पळा, त्यातले १०% थांबले. ज्यांना भरपूर वेळ आहे सांगितलं त्यातले ६३%. मनात तीच गोष्ट घोळवत जाणारे पण घाईत असले तर त्या माणसाला ओलांडून गेले. कोण किती आणि कशा प्रकारचा धार्मिक आहे यावरून तो थांबेल की नाही ते सांगता आलं नाही.

तर काका, माझं मत आता सरळ सांगते. माणूस देतो तेव्हा देव मानतो की नाही याचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी असतो, जास्त संबंध असतो तो ठरलेल्या वेळी कोणीतरी समोर येऊन त्याला मागतं का याचा. तुमच्या बायकोला मागणारे आहेत. तुम्हाला नाहीत. धर्माने तिच्यासाठी ही सगळी सोय आधीच करून ठेवलीय, तिला काही शोधायला लागत नाही. शनिवार आला की टेकडी, टेकडीवर पेटी, आषाढ आला की दिंडीवाले फोन करणार, लंगरला तांदूळ लागतात हे कोणीतरी मैत्रीण सांगणार आणि रिक्षात बसून दोघी जाणार. धर्मांनी तर रक्कमसुद्धा ठरवून दिलीय. मुसलमानांमध्ये जकात, ठरावीक मर्यादेच्या वर जी बचत वर्षभर पडून राहिली तिच्यावर अडीच टक्के. लक्षात घ्या, कमाईवर नाही, साठलेल्यावर. शिखांमध्ये दसवंध, म्हणजे दहावा भाग. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या भाषणात लोकांना सांगितलं की उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्माच्या कामासाठी द्या, आणि ते ऐकणारी माणसं तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी गरीब होती. तारीख ठरलेली, आकडा ठरलेला, गोळा करणारा ठरलेला. एवढं असल्यावर श्रद्धा थोडी पातळ असली तरी चालून जातं, खरं सांगायचं तर.

नास्तिकाकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे मत असतं. (आणि मत फुकट असतं, हे जरा लागेल तुम्हाला पण पत्र तुम्हीच लिहिलंय.)

आता एक बारीकशी गोष्ट, तुमच्याच यादीतली. बाईंच्या मुलीची फी १२,०००. यात देव कुठेच नाही. मग ती फी तुमच्या खात्यात का नाही आली? बाई तुमच्याही घरी येतात, तुम्ही पण रिटायर होऊन घरीच असता. माझा अंदाज सांगू? बायको ओट्यापाशी उभी राहून त्यांच्याशी बोलते, मुलीचे दहावीचे मार्क, कॉलेज कुठलं मिळालं, नवरा कामावर जातोय का, आणि तुम्ही हॉलमध्ये पेपर वाचत असता आणि बाई लादी पुसायला आल्या की पाय वर घेता. फी भरायची शेवटची तारीख कधी आहे हे ओट्यापाशी कळतं. "गरजूला दे" असं तुम्ही तिला आयुष्यभर सांगत आलात, आणि गरजू कोण हे तिला माहिती होतं, तुम्हाला नव्हतं.

२०१३ मध्ये आलेला एक अभ्यास सांगतो की कमी धार्मिक माणसांच्या बाबतीत ती देणार की नाही हे त्या क्षणी वाटलेल्या कळवळ्यावर जास्त अवलंबून असतं, धार्मिक माणसाचं तेवढं नसतं, म्हणजे त्याला कळवळा आला नाही तरी तो देतो, माझ्या अंदाजाने आज द्यायचा दिवस आहे म्हणून. मला हे पटतं. पुराचे फोटो बघून तुम्ही ५०० पाठवलेत, तेव्हा आत काहीतरी हललं होतं. पण पूर वर्षातून एकदा येतो, फी दरवर्षी येते, डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा असतं आणि त्याचे फोटो कोणी ग्रुपवर टाकत नाही.

म्हणजे नास्तिक कंजूष असतात का? अजिबात नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात तर हे म्हणायची सोयच नाही. डॉ. श्रीराम लागू म्हणजे देवाला रिटायर करा म्हणणारा माणूस, त्यांनी, निळूभाऊ फुल्यांनी, दाभोलकर आणि बाबा आढाव यांच्यासोबत सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला, नाटकाचे प्रयोग लावून पैसे जमवले, का तर चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दर महिन्याला थोडं तरी मानधन मिळावं. बघा, त्यात पण काय केलं? लोकांना एका जागी बोलावलं, तिकीट लावलं, आणि मागितलं. अंधश्रद्धा निर्मूलन समितीवाल्यांचं "होळी लहान करा, पोळी दान करा" तर सरळसरळ सणाच्या तारखेवर स्वार झालं, होळीत जाळायची पोळी गोळा करून वस्तीत नेऊन वाटायची. त्यांना कळलं होतं की तारीख लागते. परदेशात ऑक्सफर्डला २००९ मध्ये काही तत्त्वज्ञांनी एक संस्था काढली, उत्पन्नाचे दहा टक्के कायम देण्याची शपथ घ्यायची, धर्माबिर्माचा संबंध नाही, आणि आकडा कुठला निवडला तर चर्चवाल्यांचा दशांश. नास्तिक जेव्हा नीट देतात तेव्हा ते धर्माकडून कॅलेंडर उसनं घेतात, देव परत करून टाकतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बरं, आता १६,५००. तुम्हाला हक्क आहे का? नाही. तिची पेन्शन आहे, तिने पस्तीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळून कमावलीय, ती अभिषेक करेल नाहीतर पैठणी घेईल. पैठणी घेतली असती तर तुम्ही पत्र लिहिलं असतं का? नसतं. हा प्रश्न इथेच संपतो.

पण तुम्हाला मत आहे आणि ते अगदीच चुकीचं नाही हे पण म्हणते. देऊळ-देऊळ फरक असतो. सिद्धिविनायकाचा ट्रस्ट गरीब पेशंटना उपचारासाठी मदत देतो, शिर्डी संस्थान हॉस्पिटल चालवतं, प्रसादालयात रोज हजारो माणसं जेवतात, तिथल्या पेटीतला रुपया देवापाशीच थांबत नाही. आणि अशीही देवळं असतात जिथे पैसे संगमरवर, लायटिंग, डीजे आणि विश्वस्तांच्या फोटोच्या बॅनरमध्ये जातात, ती आपण सगळ्यांनीच बघितलीयत, प्रत्येक भागात एक तरी आहे. रजिस्टर्ड ट्रस्ट असेल तर त्याला दरवर्षी हिशोब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो, मग ते देऊळ असो नाहीतर तुमची विवेकवादी संस्था. तुम्ही बँकेतले आहात, बॅलन्सशीट वाचता येते. बायकोला "थांबव" म्हणण्यापेक्षा एकदा "चल, तू देतेस त्या ट्रस्टचा हिशोब बघू" असं म्हणा, टोमणा न मारता म्हणा, आणि हिशोब चांगला निघाला तर ते मोठ्याने कबूल करायची तयारी ठेवा. ती तयारी नसेल तर आत्ताच राहू द्या.

आणि तिच्या बाजूची कमतरता पण सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई एकतर्फी बोलतात. ती देते ते समोर येणाऱ्याला. पेटी समोर आहे, बाई समोर आहेत, दिंडी समोरून जाते. जो समोर येत नाही तो राहतो. धर्मातून होणारं दान बऱ्याचदा आपल्याच वर्तुळात फिरतं, आपलं देऊळ, आपला समाज, आपली पंगत (तुमच्या बायकोने लंगरला तांदूळ नेले, त्याबद्दल तिला खरंच सलाम). तुर्भ्याच्या डोंगराच्या कडेला राहणारं पोर, ज्याची आई कोणाच्याच घरी कामाला येत नाही, ते तिच्या कॅलेंडरवर कधी येणार? तिथे तुमच्यासारखा हिशोबी, चौकस, खात्री करून घेणारा माणूस लागतो. फक्त एक आहे, "पूर्ण खात्री झाली की देईन" यातली पूर्ण खात्री कोणाचीच कधी होत नाही, त्या वाक्यावर माणसं तीस-तीस वर्षं काढतात आणि ते वाक्य म्हणताना त्यांना आपण फार विचारी आहोत असं वाटत असतं.

किती द्यायचं. जकातवाला हिशोब तुमच्या एफडीला लावून बघा, समजा ४० लाख पडून आहेत तर अडीच टक्के म्हणजे एक लाख. दचकलात? मुंब्र्यातला एखादा साधा दुकानदार रमजानमध्ये वही काढून, दुकानातल्या मालापासून बायकोच्या सोन्यापर्यंत सगळं मांडून हा हिशोब करतो आणि कोणाला सांगत पण नाही. तुम्हाला लगेच तिथे जायला नको. विसावा हिस्सा धरा, पेन्शन समजा ४८,००० तर महिन्याला २,४००. वर्षाचे २८,८००, म्हणजे बायकोच्या अजून बरेच मागे, पण तुमच्या आत्ताच्या १,५०१ पेक्षा बरं. महत्त्वाचं म्हणजे ते पेन्शन जमा होते त्याच दिवशी आपोआप वेगळ्या खात्यात गेलं पाहिजे, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन कसं टाकायचं हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे काय बोलायचं. त्या खात्यातले पैसे तुमचे नाहीतच असं धरा, मग "द्यायचं का" हा प्रश्न राहत नाही, "कोणाला" एवढाच राहतो.

कोणाला. निम्मे एखाद्या संस्थेला लावून टाका, पावती घ्या, वर्षातून एकदा स्वतः जाऊन काम बघून या, संपलं, त्याच्यावर जास्त वेळ घालवू नका. उरलेले निम्मे माणसांना द्या, आणि माणसं शोधायची तर जिथे मागणारे येतात तिथे जाऊन बसावं लागेल. मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग असतो, तिथल्या सोशल वर्करना बरोबर माहीत असतं की कोणत्या वॉर्डमधल्या कोणत्या पेशंटचं कशासाठी अडलंय, तीन हजारांचं इंजेक्शन, गावाला परत जायचं तिकीट, असलं. तुम्ही नेरुळला, खारघर जवळच, तिथे टाटाचं अ‍ॅक्ट्रेक आहे, देशभरातून कॅन्सरचे पेशंट येतात, लहान मुलं येतात, उपचार कमी खर्चात होतात पण बरोबर आलेल्या आईबापांनी महिनोन्‌महिने राहायचं कुठे आणि खायचं काय हा वेगळाच खर्च असतो जो कुठल्याही बिलावर दिसत नाही. दादरला गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा आहे ना, ती परळच्या टाटाच्या पेशंटना याचसाठी आधार आहे. गाडगेबाबा तुम्हाला चालतील, ते देवळात देव शोधू नका म्हणायचे. बायकोला पण चालतील, ते कीर्तन करायचे. कीर्तन संपलं की लोकांकडे हक्काने मागायचे आणि त्या पैशातून धर्मशाळा बांधायचे, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी हीच त्यांची यादी. त्यामुळे तिचे ते ५,००० धर्मशाळेचे, त्यात पुढच्या वर्षी तुमचे पण मिळवा, निदान एका ओळीवर तरी दोघांचं एकमत होईल.

पण पैशांच्या आधी एक काम, ते याच आठवड्यात करा. बाईंची मुलगी अकरावीला आहे म्हणालात. महाडीबीटी पोर्टलवर अकरावीपासूनच्या स्कॉलरशिप असतात, जात प्रवर्ग आणि उत्पन्न यावर कुठली बसते ते ठरतं. बऱ्याच घरांचं अडतं ते पैशावर नाही, उत्पन्नाच्या दाखल्यावर, आधार बँक खात्याला लिंक नाही यावर, ओटीपी कुठल्यातरी बंद पडलेल्या नंबरवर जातो यावर. पोरगी सायबर कॅफेत दोनशे रुपये देऊन फॉर्म भरते, कुठेतरी स्पेलिंग चुकतं आणि अर्ज परत येतो. तुम्ही आयुष्य केवायसीत घालवलंय काका. खुर्ची ओढून तिच्याबरोबर बसा. बायकोने १२,००० दिलेत ते या वर्षाचे, तुमचा एक फॉर्म नीट लागला तर पुढच्या वर्षापासून दोघांनाही द्यायला लागणार नाहीत कदाचित. आणि तिच्या घरात कोणी आजारी पडलं तर हे पण लक्षात ठेवा, राज्यात ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलांना १०% बेड गरीब पेशंटना मोफत आणि आणखी १०% सवलतीत द्यावेच लागतात, २००६ पासून हायकोर्टाने आखून दिलेली योजना आहे, चकचकीत हॉस्पिटलं पण त्यात येतात आणि काउंटरवर स्वतःहून कोणी सांगत नाही. दाखले घेऊन, शर्ट इन करून, बँकेच्या आवाजात विचारणारा एक माणूस बरोबर असला की फार फरक पडतो. हे दान नाही वाटत ना? मी तरी धरते.

टॅक्सचं थोडक्यात, कारण तुम्ही रिटर्न भरता भरता इथपर्यंत आलात. नवीन रिजीममध्ये असाल तर दानावरची सूट मिळतच नाही, त्यामुळे विषयच संपला. जुन्यात असाल तर २,००० च्या वरची रक्कम कॅशने देऊ नका, ती धरत नाहीत, आणि संस्थेकडून दानाचं सर्टिफिकेट मागा. बाईंच्या मुलीची फी, लंगरचे तांदूळ, पेटीतले पैसे यावर काही मिळत नाही. बायकोने तुम्हाला कधी विचारलं का यावर सूट मिळते का? मला वाटतं नसेल विचारलं.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत पण नास्तिक आहात म्हणून सुचवते. नेत्रदान. वय, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, कशाचीच अडचण नसते, मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत आय बँकेला कळवायचं असतं, पंखा बंद ठेवायचा आणि पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा, तेवढं घरच्यांनी करायचं. पण तुम्ही आज फॉर्म भरून फ्रिजवर चिकटवलात तरी त्या वेळी संमती बायकोची किंवा मुलाचीच लागते, आणि त्या दिवशी घरात तिचे भाऊ, तुमची वहिनी, वरच्या मजल्यावरच्या काकू सगळे असणार, कोणीतरी म्हणणारच की पुढच्या जन्मी आंधळा होतो. म्हणून हे तिच्याशी आत्ता बोला, शनिवारी टेकडीवरून उतरली की. वर जायची गरज नाही, खाली रिक्षापाशी थांबा.